न्हावी असतो तर?

ह्यांच्या सायकलची चेन नेमकी आमच्याच दारात कशी पडली, ते पंचेचाळीस वर्षांत मला धड कळलं नाही. ब्राह्मणपुरीतलं आमचं घर रस्त्याला लागून. मी अंगणात कापूस निवडत होते... कळसाडीचा एक उंच मुलगा काळेकुट्ट हात घेऊन फाटकाशी आला आणि पाणी मागितलं.

"काय काम करस रे भाऊ?" माझ्या आईनं विचारलं.

"नेव्हीमा शे, काकू. सुटीवर येल शे."

नेव्ही हा शब्द आईनं जन्मात ऐकलेला नव्हता. तिनं ऐकलं, न्हावी.

"बरं जयं, तू उना! ह्यास्ना हात मोडेल शे, आठ दिन व्हयनात दाढी वाढेल शे. बस, करी दे."

दुसरा कुणी रागावून निघून गेला असता. ह्यांनी मुकाट्यानं हात धुतले, माझ्या वडिलांचा, आबांचा, वस्तरा घेतला आणि त्यांच्यासमोर बसले. आरसा धरायचं काम माझ्याकडे.

"आरसा सरळ धर ना जरासा," हे हळूच म्हणाले.

"आबाकरता धरेल शे. तुम्हनाकरता नही."

"मंग त्यामा मन्हं तोंड का बरं दिखी ऱ्हायनं?"

मी अशी लाजले — आरसा आणखीच वाकडा झाला! पण हलत्या बोटीवर दाढी करायची सवय असलेला तो हात. आबांना साधा ओरखडा उठला नाही.

महिन्याभरानं स्थळ आलं. सोबत पांढऱ्या वरदीतला फोटो. आईनं कपाळावर हात मारला, "माय वं! फौजना माणूसले दाढी कराले लायी मी!"

मग संसार. पंधरा वर्षं हे बोटीच्या इंजिनापाशी, मी पत्रांची वाट बघत. नंतर साखर कारखान्यात अभियंता. गळीत हंगामात जेवायची फुरसत नसायची, तरी लेकीची, दीपमालाची वेणी हेच घालून द्यायचे, मुलाची, हेमकांतची सायकलही हेच दुरुस्त करायचे. आणि लग्नाच्या दर वाढदिवसाला ठरलेला प्रश्न —

"खरं सांग मोहिनी, मी न्हावी ऱ्हातू तर हो म्हंती का?"

"छे! वरदी देखीसन हो म्हनेल शे मी."

हे हसायचे. पण हसण्यात एक बारीकशी शंका असायची, ती मला दिसायची. तरी खरं काही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी विचारलं नसतं ना...

गेले आठ महिने हे अंथरुणाला खिळून होते. अर्धं अंग गेलेलं. दाढी मीच करायची. उचलणं, बसवणं, पुसणं — माझेही हात भरून यायचे, चिडचिड व्हायची. त्या सकाळी साबण लावलेल्या तोंडानं हे अडखळत म्हणाले, "न्हावी... ऱ्हातू... तर?"

"गप बसा, ब्लेड लागी जाई," मी म्हणाले.

दुपारी हे गेले.

तेव्हापासून बारा दिवस माणसं येताहेत. येणारा प्रत्येक जण नेव्ही, कारखाना, चांगला बाप एवढं बोलतो आणि चहा पिऊन जातो. मी मान हलवते. थकले हो मी. रडूसुद्धा येत नव्हतं.

आज हेमकांतनं फोनवरून सांगून करवून घेतलेला श्रद्धांजलीचा फलक आला. उलगडला आणि पोरगा लालबुंद झाला.

'कै. नवनीत पाटील. माजी न्हावी, अभियंता, कुटुंबवत्सल पिता.'

"काय छापलंय हे! आत्ताच्या आत्ता परत पाठवतो!"

आणि मला हसू फुटलं. बारा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता कधी रडायला लागले, कळलंच नाही. दीपमाला घाबरून धावत आली.

"बाहेर नवा लाव," मी हेमकांतला म्हणाले. "हा माझ्या खोलीत राहू दे."

तो भिंतीला लावून झाल्यावर मी दार लोटलं. ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि उशिरा का होईना, सांगून टाकलं.

"हो म्हंती मी. आरसा धरेल व्हता ना... तवयच म्हनेल व्हतं."