गावपळणीत खारावलेली विहीर

यशोदा पेडणेकर भाई तळवडेकरांच्या ओटीवर आली आणि नाव सांगण्याआधी पाणी मागती झाली.

दाजींनी तांब्या आणून दिला. बाईने तो उभ्या उभ्या रिकामा केला आणि दुसरा मागितला. दाजी म्हणजे भाईंच्या बहिणीचे यजमान. जकात कचेरीतून निवृत्त झाल्यापासून भाईंच्या तपासामागे फिरायचा उद्योग त्यांनी आपणहून गळ्यात घेतला होता. डोकं बेताचं, भूक मात्र दांडगी. भाई मुंबईत खाजगी तपासाचं काम करून मालवणात परतले होते, आणि बाजारातल्या त्यांच्या पाटीला लोक अजून हसत होते.

"आता बोला," भाई म्हणाले.

"आमच्या वाडीची बाव कोणीतरी खारी केल्यान," यशोदा म्हणाली. "आणि नाव माझा घेतत."

पोईवण्याच्या खालच्या वाडीत गोड पाण्याची विहीर एकच, आणि तिच्याभोवतालची जागा सगळ्यांची सामाईक. परशुराम गावकाराला तिथे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालून आपली आंब्याची कलमं वाढवायची होती. प्रकरण मालवणच्या कोर्टात गेलं. जागा सामाईक आहे, अशी साक्ष द्यायला वाडीतलं एकच माणूस उभं राहिलं, ते म्हणजे सुकी मासळी विकणारी ही विधवा. गावकार हरला. पण गावकार म्हणजे गावचा पहिला मानकरी, आणि वाडीचा पंचही तोच. त्याने विहिरीचे नियम केले: कठड्याच्या आत मासळीची टोपली आणायची नाही, गुरं पाजायची नाहीत, मोडेल त्याला दंड. पहिला नियम कुणासाठी होता ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"म्हयनो झालो. माझी टोपली तेना लाथेन उडवल्यान, सगळ्यांच्या समोर. माझ्या तोंडातसून निघाला, ह्या बावीचा पाणी तुमका गोड लागाचा नाय!"

आणि मग गावपळण आली. देवाचा कौल झाला की पोईवण्याचं अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहतं. आत तेवढे दिवस देवाची माणसं वावरतात. घरांना कुलूप लावायचं नाही, घरात भरलेलं पाणी ठेवायचं नाही, आणि परतीचा कौल मिळेपर्यंत वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. गाव परतलं की पहिली कळशी गावकाराच्या बायकोने काढायची. यंदा जानकीने ती काढली, घोट घेतला आणि तिथेच थुंकला.

"गळ टाकून बघल्यानी तर बावीत फाटलेली मिठाची गोण. माझ्याच खोपीतली. आज सांजेक देवळात पंच बसतले. माका वाळीत टाकतले."

दाजींनी चुकचुक केली. यशोदाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"माझी सासू आज आसा, उद्या नाय. वाळीत टाकल्यानी तर तिका खांदो कोण देतलो? मी एकटी बाईल माणूस काय तिका पाठीवर मारून नेतलंय?" तिचा आवाज चिरला, पण डोळे कोरडेच होते. "आणि ज्येना ह्यां केल्यान, तेचा नाव माका व्हया. सोडूचंय नाय मी तेका."

भाईंनी टोपी उचलली.

वाडीत शिरताना पहिलं घर बाबलीचं. बाबली गाडीवान. परक्या गावच्या झऱ्यावरून डब्यांतून पाणी आणण्याचं काम सध्या त्याच्याकडे होतं.

"तुझे बैल विहिरीवर पाणी प्यायले म्हणून तुला दंड झाला होता ना?" भाईंनी विचारलं.

"झालो. म्हणान काय मी बाव नासवतलंय?"

"एका रात्री तू झोपडीत नव्हतास म्हणे."

बाबलीने मान खाजवली. "जत्रेत दशावतार बघूक गेल्लंय. बायलेक सांगू नकात."

"बरं, पाणी कुणाला किती देतोस?"

"घरटी पिण्यापुरता. गावकाराक पण तितक्याच, नियम म्हणजे नियम. फकत यशोदेक घालूचा नाय, असो गावकाराचो हुकूम आसा."

"म्हणजे ती म्हातारी खारं पाणी पिते?" दाजी ओरडले.

बाबलीने आजूबाजूला पाहिलं. "म्हातारेक शहाळी देतंय मी चोरून," तो हळूच म्हणाला.

यशोदेच्या कुंपणाला लागून शेवंतीचं घर होतं. मासळीचा वास येतो म्हणून पंचाकडे सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याच गेल्या होत्या. ती अंगणात करपलेल्या लाल भाजीच्या वाफ्यांपाशी कपाळाला हात लावून बसली होती.

"खारा म्हणतत तां थोडाच आसतला, म्हणान परतलंव त्या दिवशी न चाखता पाणी घातलंय. बघा, सगळी भाजी मेली माझी. माका यशोदा आवडत नाय, ह्यां खरा. पण आपली भाजी मारण्याइतकी मी खुळी नाय!"

"रात्री वेशीबाहेर कुणाला उठून जाताना पाहिलंत?"

"बायल माणसां एकीकडे, दादले एकीकडे. कोण कोणाक बघता?"

गावकाराचं घर टेकाडाला लागून. परशुरामाने पाहुण्यांना बसायला घोंगडी टाकली, आणि बोलला तो शुद्ध मराठीत, कचेरीत बोलावं तसं.

"तळवडेकर, त्या बाईने आधी शाप दिला, मग गोण टाकली. गावपळण मोडली. मी माझ्या सख्ख्या भावालाही सोडलं नसतं."

"तुम्ही एकदाही वेशीच्या आत आला नाहीत?"

"मी गावकार आहे. मीच नियम मोडला तर बाकीच्यांनी काय करायचं?"

जानकीने शहाळी आणून दिली. ती साधी, देवभोळी बाई. दाजींनी दोन संपवली आणि तिसऱ्याकडे पाहिलं.

भाई मात्र मागच्या परड्यात गेले होते. तिथे देवगडहून आणलेली हापूसची कलमं ओळीने उभी होती, पानं तुकतुकीत, आळी ओली. शेजारी पाणी साठवायची मोठी दगडी डोण. ऊन होतंच, भाईंनी डोणीत ओंजळ बुडवली, तोंडावर पाणी मारलं आणि ओठांवरून जीभ फिरवली. दाजींना वाटलं, आपणही तोंड धुवावं. पण तिसरं शहाळं आड आलं.

"वहिनी," भाईंनी परत येऊन विचारलं, "गावपळणीला निघताना घरातलं पाणी रिकामं करायचं राहून गेलं तर हो?"

जानकीने जीभ चावली. "शिव शिव! हांडे-कळशे सगळे पालथे घातलंय. डोण पालथी घालूक येना नाय, तर तिचो बूच मिया माझ्या हातान काढलंय. थेंब ठेवलंय नाय."

वाटेत दाजी म्हणाले, "भाई, मला तर बाबलीच वाटतो. दशावतार ही सबब जुनी आहे."

"तुम्ही शहाळी प्या, दाजी," भाई म्हणाले.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात सगळी वाडी जमली. यशोदा खांबाला टेकून एकटी उभी होती. तिच्या बाजूला कुणी उभं राहायला धजत नव्हतं. गावकार बोलायला उठणार, तोच भाई पुढे झाले.

"आधी एक काम. शेवंतीबाई, हे पाणी चाखा." त्यांनी तांब्या पुढे केला.

शेवंतीने भीतभीत घोट घेतला. तिचे डोळे विस्फारले. "अगो बाय, ह्यां तर आपल्या बावीचा पाणी! पयल्यासारख्या गोड!"

मंडपात कुजबुज झाली. बाबलीनेही चाखलं आणि मान हलवली; झऱ्याचं पाणी असं लागत नाही, तो म्हणाला.

"आता विचार करा," भाई म्हणाले. "गाव सोडताना कुठल्याच घरात पाणी नव्हतं. परतल्यावर पहिली कळशी निघाली तीच खारट. मग हे पाणी विहिरीतून कधी निघालं?"

 दाजींना उत्तर येत नव्हतं, पण ते जोरजोरात मान डोलवत होते.

"गाव रिकामं होतं तेव्हा," भाई म्हणाले. "मीठ पडायच्या आधी. गोण कुणीही आणू शकला असता, यशोदाबाईंच्या खोपीला कुलूप नव्हतं. वेशीच्या आतही कुणी शिरला असता. पण विहीर खारी होणार हे ज्याला आधीच ठाऊक होतं, त्यानेच आधी गोड पाणी भरून ठेवलं. हा तांब्या मी आत्ता परशुराम गावकारांच्या डोणीतून भरून आणला."

"बाबलीन आणून दिलेला पाणी तां!" गावकार ओरडला. कचेरीतली मराठी कुठल्या कुठे पळाली होती.

"पिण्यापुरता देतंय मी," बाबली म्हणाला. "डोण भरूक माझी गाडी दिसभर लागात."

"आणि डोणीचं बूच काढून ती रिकामी केली होती, असं वहिनींनी स्वतः सांगितलं," भाई म्हणाले. "शेवंतीबाईंची भाजी करपली, सगळ्या वाडीच्या परड्यांतली झाडं करपली, कलमं मात्र यांचीच हिरवी. गावकार, देवाला भ्याला नाहीत, वाडीला भ्याला नाहीत. पण हापूसची कलमं खाऱ्या पाण्याने मरतील, एवढं मात्र तुम्हाला बघवलं नाही. कोकणातला माणूस तुम्ही, चूक करून करून हीच करणार!"

जानकी नवऱ्याकडे बघत होती. "तुमी गावपळण मोडलात?" एवढंच ती म्हणाली, आणि पदर तोंडावर घेऊन मंडपाबाहेर गेली. तिच्या त्या प्रश्नाने गावकार खाली बसला.

"मोडलंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ह्या बायलेन कोर्टात माका खोटो ठरवल्यान. चार माणसांत माझी मान खाली घातल्यान. तेवाच ठरवलंय, हिका अशी करीन, की हिच्या दारात काळो कुत्रो येवचो नाय!"

लोक खवळले. कुणी दंड म्हणालं, कुणी त्यालाच वाळीत टाका म्हणालं. शेवटी सगळे यशोदेकडे वळले. तूच सांग, काय शिक्षा करायची?

"आज काय नको," यशोदा म्हणाली. "माझा मी बघान घेतलंय."

दाजींना ते फार मोठ्या मनाचं वाटलं, आणि येताना त्यांनी तसं बोलून दाखवलं. 

विहीर उपसून साफ होत होती तेवढ्यात यशोदेची म्हातारी सासू गेली. निरोप आला तसे भाई आणि दाजी पोईवण्यात पोचले. अंगणात तिरडी बांधून तयार होती, आणि सगळी वाडी उभी होती, शेवंतीसकट. रीतीप्रमाणे पहिला खांदा गावकाराचा. परशुराम खांद्यावर पंचा टाकून पुढे आला, खाली वाकला आणि त्याने बांबूला हात घातला. चला, मिटलं एकदाचं, असं दाजींना वाटलं.

यशोदा पुढे झाली. तिने त्याचं मनगट धरलं आणि हात बांबूवरून काढला.

"तू नको."

"यशोदे, लोक बघतत," तो पुटपुटला.

"बघूंदेत. म्हणानच आजपर्यंत थांबलंय. पाण्याच्या घोटासाठी तुझ्या दारात इल्लंय, तेवा तू दार लावलंस. आता तुझो खांदो माझ्या म्हातारेक नको. आणि तुझी येळ येयत तेवा वाडीन काय करूचा, तां वाडी ठरवतली."

परशुरामाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या बाजूने कुणी शब्द काढला नाही. बाबली पुढे आला आणि त्याच्या जागी बांबूखाली शिरला. तिरडी उचलली गेली, माणसं निघाली, आणि गावकार पंचा हातात धरून तिच्या अंगणात एकटाच उभा राहिला.