बैलथकीचा चढ आणि बर्फावरचा पाइप

टेकाटोला या डोंगरावरच्या वस्तीतल्या लेकरांना लस टोचायची आणि उजेडात घरी परतायचं, एवढाच आमच्या मोहिमेचा हेतू होता. निदान माझा तरी. माझा देवर धनेंद्र याला मात्र बैलथकी जिंकायची होती!

बैलथकी म्हणजे दरेकसाच्या डोंगरातली एक जंगलवाट. नावातच सगळं आलं. बैलाला जो चढ झेपत नाही, तो मी उपकेंद्राची नर्स दर महिन्याला लसींचा डबा खांद्याला लावून पायी चढायची. वर पोचेपर्यंत दिवस कलायला लागायचा, आणि अर्धी लेकरं हाती लागायच्या आत परतावं लागायचं. मोटरसायकलवर दोघं बसून जावं, तर गाडी मधल्या वळणावरच मान टाकायची. धनेंद्रचं मुर्रीला गॅरेज. गाडी हरते म्हणजे त्याला स्वतःचंच नाक कापल्यासारखं वाटायचं.

त्याचा मावसभाऊ तेव्हा, म्हणजे २००६ साली, गुलमर्गला पर्यटकांना बर्फावरच्या स्कूटरवरून फिरवायचा. त्याने तिथल्या गाडीला सायलेन्सरच्या जागी बसवतात तसला धुराचा एक पाइप पाठवून दिला. वजनाला हलका, मधे गाभण शेळीच्या पोटासारखा फुगलेला, आत जाळी नाही की पडदा नाही. धनेंद्रने तो कापून, वेल्डिंग करून आपल्या टू-स्ट्रोक गाडीला बसवला. गाडी सुरू केली तेव्हा शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं.

"भाभी, तिकडे बर्फाच्या पहाडावर गाडी उडते याच्यानं," तो म्हणाला. "त बैलथकी कोन चीज आहे?"

"उडते ते समजलं," मी म्हटलं. "उतरते का, ते विचारलंस का भावाले?"

पण माणूस प्रामाणिक. पाइप खरंच कामाचा आहे का, हे पारखायला त्याने बरोबरीची स्पर्धा लावली. त्याचा मित्र देवचंद सौंदडचा, तलाव बांधणाऱ्या घराण्यातला. देवचंदची गाडीही तशीच, तेवढीच जुनी, पण सायलेन्सर जुना, कंपनीचा. मी आणि लसींचा डबा देवचंदच्या मागे बसणार होतो. वजन सारखं व्हावं म्हणून धनेंद्रने आपल्या मागच्या सीटवर धानाचं पोतं बांधलं, आणि माझ्याकडे बघून त्यात आणखी दोन पायल्या ओतल्या! मी ते मनात टिपून ठेवलं. त्याची वेळही येणार होती.

एप्रिलचा महिना. सागाची पानं गळून वाटेच्या दोन्ही बाजूंना घोट्याइतका पाचोळा साचला होता, आणि पायथ्याकडून डोंगराकडे गरम वारा वाहत होता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मला ते जंगल त्या दिवशी आवडलं नाही.

"सिस्टर, घट्ट पकडा," देवचंद म्हणाला. "आपन हरू, पन पोचू."

धनेंद्र सुटला! पहिला चढ मोकळा होता, आणि तिथे त्याची गाडी खरोखर उडाली. खोटं कशाला बोलू? आम्ही दुसऱ्या गिअरमधे धापा टाकत होतो तेव्हा तो वरच्या वळणाआड गेलासुद्धा. मग दगडांची, अरुंद वळणांची वाट लागली, आणि आवाज बदलला. हळू चालवली की त्या पाइपात जोर उरत नव्हता. गाडी बंद पडू नये म्हणून तो अर्धा क्लच दाबून रेस पिळत होता. सगळा डोंगर किंचाळत होता. देवचंदने दोनदा हॉर्न दिला, मी हाका मारल्या, पण त्या आवाजात कोण ऐकतो!

तेवढ्यात वाटेच्या कडेला मला एक काळा डाग दिसला, तळहाताएवढा. त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. मी उतरून चपलेने तो विझवला. वीसेक पावलांवर दुसरा डाग, सुपाएवढा. त्याला कडेने जीभ फुटली होती. देवचंदने हिरवी फांदी मोडून तो झोडपला. मग त्याने पाचोळ्यातून काडीने काहीतरी बाजूला सारलं. काजळीचा जाड खपला होता तो, कडा अजून लाल असलेला.

"हे त्याच्या पाइपातलं होय," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आतमधे जाळीच नाही ना. बर्फावर पडलं असतं त विझलं असतं."

तिसरा डाग डाग राहिलाच नव्हता. वळण घेतलं आणि समोर आग! वाटेच्या उजव्या अंगाचा अख्खा उतार पेटला होता. बांबू फुटत होते, फटाफट! गरम वारा पाठीमागून ढकलत होता आणि ज्वाळा वर, सरळ वर धावत होत्या. आग चढाला लागली की माणसापेक्षा वेगाने धावते, हे मी लहानपणापासून ऐकत होते. पाहिलं त्या दिवशी.

आम्ही आगीच्या खाली होतो. मागे फिरलो असतो तर सुखरूप होतो. आणि नेमका तेव्हाच वरचा तो किंचाळणारा आवाज तुटला. गाडी बंद पडली होती. धनेंद्र वर कुठेतरी एकटा थांबला होता, आणि आग त्याच्याच दिशेने निघाली होती!

"धनेंद्रऽऽ!" मी जीव खाऊन ओरडले. लग्न होऊन आले तेव्हा हा शाळेत जायचा. सासूला जाऊन काय सांगू?

देवचंदने डावीकडे पाहिलं. "पावसाचं पानी वरून इकडेच उतरते. नाला असनच. बसा सिस्टर!"

नाला होता, कोरडा, गोट्यांनी भरलेला. त्यात पाचोळा कमी होता, म्हणून आग अजून शिरली नव्हती. देवचंदने गाडी पहिल्या गिअरमधे घातली आणि ती म्हातारी गाडी टुकटुक करत दगडांवरून चढू लागली. तिला घाई नव्हती, पण ती थांबतही नव्हती. उजव्या गालाला चटका बसत होता. धुरातून एक अस्वल धडपडत नाल्यात उतरलं. आमच्यापासून दोन हातांवर! त्याच्या पाठीचे केस जळालेले होते. त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते पलीकडच्या झाडीत घुसलं.

नाला वर वाटेला मिळाला, तिथे गाडी गोट्यांत टेकवून आम्ही वर धावलो, तर धनेंद्र दिसला. पाठमोरा, गाडीवर वाकून प्लग काढत होता! डोळे चुरचुरत होते, पण धूर इंजिनाचाच आहे असं त्याला वाटलं होतं. इंजिन तापून पिस्टन जाम झाला होता. मी हाक मारली. तो हलला नाही. खांदा धरून फिरवला तेव्हा हसत म्हणाला, "पाह्यलं का, भाभी? किती पुढे होतो मी!"

पाइपाच्या आवाजाने त्याचे कान बधिर झाले होते, काहीच ऐकू येत नव्हतं. मी त्याचं तोंड हाताने धरून खाली वळवलं.

त्याचं हसू तिथेच सुकलं. मग वेड्यासारखं त्याने हँडल धरलं आणि गाडी वर ढकलायला लागला, पोत्यासकट! मी ओढलं, देवचंदने ओढलं. सोडेना! आग वळणापर्यंत आली. नाल्याकडे परतायची सोय उरली नाही, तिथेही धूर भरला होता. मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. त्याने हँडल सोडलं.

"पळा!" देवचंद ओरडला. "मोहाखाली!"

वर एक जुनं मोहाचं झाड होतं, आणि त्याच्याखाली काळंभोर मोकळं रिंगण. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून इकडचे लोक झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून ठेवतात. जळायचं होतं ते तिथे कधीच जळून गेलं होतं. आम्ही त्या राखेत पालथे पडलो. मी पदर बाटलीतल्या पाण्याने भिजवून तिघांच्या तोंडावर ओढला आणि डबा पोटाखाली घेतला.

आग आली. आवाज असा, की रेल्वे डोक्यावरून जाते आहे. केस करपल्याचा वास आला. खाली भडका उडाला, तो धनेंद्रच्या गाडीच्या टाकीचा. मी देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर एकही आठवेना. धनेंद्रने लेकरासारखा माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

मग उष्णता ओसरली. रिंगणाला वळसा घालून आग पुढे गेली होती. आम्ही उठलो तेव्हा सगळा उतार काळा होता, आणि वर कड्यावर टेकाटोल्याची माणसं ओल्या फांद्यांनी आग झोडपत होती. आम्हीही फांद्या मोडल्या आणि त्यांच्यात शिरलो. कड्यापलीकडे उतार सुरू होतो, तिथे आगीचा जोर मोडला. टोला वाचला.

टोल्यात पोचून, हातपाय धुऊन मी लेकरांना लस टोचली. देवचंद म्हणाला, "बर्फावर कामाचा असन तो पाइप. इथे नाही." धनेंद्र त्याच्या ओठांकडे बघत होता. समजला असावा, कारण त्याने मान खाली घातली.

एवढ्यात वनरक्षक आला. घामाने निथळत होता, आणि चढ्या आवाजात बोलत होता. "कोनाच्या मोहाखालून सुटली आग? हर साल का तमाशा आहे तुमचा! नाव सांगा!"

ज्या झाडाने आम्हाला वाचवलं ते बकाराम नावाच्या माणसाच्या वाट्याचं होतं. तो उकिडवा बसून पायाच्या अंगठ्याने माती उकरत खाली बघत होता. शेजारी त्याची बायको सुलोचनाबाई टोपली छातीशी धरून उभी होती. दोघांनाही ठाऊक होतं की नाव त्यांचंच लागणार.

"भाभी, काय म्हणून राह्यले ते?" धनेंद्रने मला विचारलं.

आगीत भ्याले त्याहून जास्त मी तेव्हा भ्याले. 'काही नाही' म्हटलं असतं, तर भागलं असतं. त्याला ऐकू येत नव्हतं, देवचंद गप्प होता, आणि ह्या पोराला मी आताच मरणाच्या दाढेतून ओढून आणलं होतं. त्याला पुन्हा कशाला लोटायचं? मी सुलोचनाबाईकडे पाहिलं. तिचं नातवंड माझ्याच सुईने अजून रडत होतं.

मी धनेंद्रच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "आग कोनाच्या मोहाखालून लागली, विचारून राह्यले!"

तो उठून उभा राहिला. "मोह नाही, साहेब. माझ्या गाडीचा पाइप. मी लावली आग."

स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, म्हणून तो भलताच मोठ्याने बोलला. साऱ्या टोल्याने ऐकलं.

वनरक्षक म्हणाला, "चल खाली, ऑफिसात. बयान द्यावं लागल."

मी डबा उचलला. माझ्याआधी बकाराम उठला. त्याने धोतर झटकलं, काठी घेतली आणि धनेंद्रचा हात धरला.

"मी पन येतो," तो वनरक्षकाला म्हणाला. "याले ऐकू येत नाही. तुम्ही काय लिहून राह्यले, ते याले कोन सांगन?"