चार कानांचा खेकडा

सोनकी खेकड्याला जितकी पुढे नेत होती, तितकी घंटा लांब लांब जात होती. हे नवलच नाही का? आवाजाच्या दिशेने चालावं तर आवाज वाढायला हवा. इथे तो विरत चालला होता!

खेकडा म्हणजे सहा पायांचा यंत्रमानव. सोनकीच्या आज्जाने, निवृत्त ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) धुळाप्पा कोळेकरांनी तो पडवीत बसून बनवला होता. आत्ता तो दोन किलोमीटर दूर, सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या) धुक्यात होता. २०४७ सालचा श्रावण होता, आणि धुकं असं, की कॅमेरा ताकात बुडाल्यासारखा! पडद्यावर नुसतं पांढरं.

त्या पांढऱ्यात कुठेतरी चांदणी होती. लक्काआत्याची गाभण शेळी, आज-उद्यात व्यायला आलेली, गळ्यात घंटा बांधलेली. आत्या सकाळी दवाखान्यात जाताना तिला सोनकीवर सोपवून गेली होती. आणि सोनकीने गोठ्याची कडी लावलीच नव्हती. सड्याच्या टोकाला सरळ कडा होता. खाली चारशे फूट काही नाही.

"ती पळतेय आज्जा, कड्याकडे!" सोनकी खेकड्याला चालवणाऱ्या पाटीवर बोट दाबत ओरडली. "मी खेकड्याला जोरात सोडते."

"थांबव त्याला!" आज्जा म्हणाला. "ती पळतेय, की आपण तिच्यापासून लांब चाललोय?"

"पण घंटा समोरून ऐकू येतेय ना!"

"तुझा खेकडा आंधळा, वर बहिरा पण," दवाखान्यातून परतून उंबऱ्यावर बसलेली लक्काआत्या फणकारली. "माझी चांदणी माझ्याच हाती द्यायची हाय, सांगून ठेवते."

सोनकीचा चेहरा उतरला. सड्यावरचं प्रत्येक घर आपल्या शेरडांची घंटा वेगळ्या नादाची ठोकून घेतं. आज धुक्यात आणखी तीन कळप चरत होते. त्यातून चांदणीची घंटा ओळखणं यंत्राला जमत नव्हतं, सोनकीच्या कानाला जमत होतं. ऐकण्यात तर चूक नव्हती. मग?

आज्जाने समोरच्या भिंतीजवळच्या दोन स्पीकरांकडे बोट केलं. "हे किती?"

"दोन. स्टिरिओ (दोन वाटांनी येणारा ध्वनी)."

"आवाज डाव्या बाजूने आला, तर डाव्या कानाला क्षणभर आधी आणि जरा मोठा ऐकू येतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. स्टिरिओ हीच युक्ती वापरतो. डावा स्पीकर किंचित मोठा केला की घंटा डावीकडे सरकली असं वाटतं. पण सरकून सरकून जाईल कुठे?"

सोनकीने दोन्ही स्पीकरांकडे पाहिलं. "या दोघांच्या मधे. म्हणजे... समोरच!"

"खेकड्याला ध्वनिग्राहक (आवाज टिपणारे यंत्राचे कान) आहेत चार. दोन पुढे, दोन मागे. मी मात्र घाईत मागच्या दोघांचा आवाजही याच दोन स्पीकरांत ओतला."

"म्हणजे घंटा मागे वाजली, तरी मला समोर ऐकू येणार! मग गोल फिरवून शोधूया?"

"बॅटरी अकरा टक्के आहे. चाचपडायला पुरायची नाही."

सोनकी माळ्यावर चढली. गजीनृत्याच्या (ढोलाच्या तालावरच्या धनगरी नाचाच्या) सरावाचे दोन जुने स्पीकर तिने धुळीसकट खाली आणले, पाठीमागच्या दोन कोपऱ्यांत ठेवले आणि घाईघाईने जोडले. घंटा वाजली. सगळीकडून! जणू खोलीच घंटा झाली.

"आता तर मुळीच कळत नाही," ती रडकुंडीला आली.

"चारही तोंडांतून एकच बोलणं काढलंस, मग कोण कुठून बोलतंय ते कसं कळणार? स्पीकर वाढवले म्हणजे सराउंड (चहूबाजूंनी वेढणारा ध्वनी) होत नाही, पोरी. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आवाज द्यावा लागतो. चित्रपटगृहात संवादाला मधला स्पीकर वेगळा, ढगांच्या गडगडाटाला वेगळा, तसं."

सोनकीने तारा उपसल्या. पुढचा डावा कान पुढच्या डाव्या स्पीकरला, मागचा उजवा मागच्या उजव्याला. एकेक कान, एकेक तोंड. मग ती खोलीच्या मधोमध बसली आणि डोळे मिटले.

टिण्... टिण्.

"मागे! उजव्या खांद्यामागे!"

तिने खेकड्याला उजवीकडे वळवलं. आणि काय गंमत, तो वळू लागला तशी घंटाच खोलीत फिरू लागली! खांद्यामागून उजव्या कानाशी, तिथून सरळ नाकासमोर. सोनकी त्याला पुढे नेऊ लागली. या वेळी आवाज वाढत गेला. शेवटी पांढऱ्यातून दोन शिंगं उगवली.

"माझी बाय!" लक्काआत्या पडद्याला चिकटली. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. "पोट मोकळं दिसतंय. व्यालीय ती. पिल्लू कुठंय?"

पडद्यावर पिल्लू नव्हतं. बॅटरी चार टक्के. सोनकीने स्पीकरांचा आवाज वाढवला.

"मेंऽ"

बारीकसा, ओला आवाज. तिघांनीही एकदम माना मागे वळवल्या, डाव्या कोपऱ्यातल्या भिंतीकडे! तिथे जुना स्पीकर तेवढा होता.

सोनकीने खेकड्याला डावीकडून मागे वळवून हलकेच त्या दिशेने नेलं. कड्यापासून चार हातांवर पिल्लू थरथरत उभं होतं. खेकडा कडा आणि पिल्लू यांच्या मधे सहाही पाय रोवून बसला, आणि त्याची बॅटरी संपली. पण आता तो हलला नाही, तरी चालणार होतं. जागा कळली होती.

लक्काआत्याने घोंगडी उचलली. सोनकीकडे बघत म्हणाली, "चल, दोघी जाऊ. कडी तू लावली नव्हतीस, पण कान तुझेच कामाला आले."

दारात सोनकी अडखळली. "आज्जा, मंगळावर असा चार कानांचा खेकडा सोडला तर? इथे बसून तिथला वारा आपल्या पाठीमागून वाहील?"

"तिथली हवा विरळ आहे, आवाज क्षीण येईल. पण येईल. कानांची मांडणी तू कर."

"मंगळ काय पळून जात नाय," आत्याने तिचा हात ओढला. "आधी पिल्लू."