सुवर्णपदक आणि मिरचीवाल्या

सुलास्त्रीबाईंना गेतुक खाताना कामाचं बोललेलं खपत नसे, आणि तुगिमान सर नेमके तेव्हाच दारात येऊन उभे राहिले.

"आधी बसा, खा," बाई म्हणाल्या. "आज सेंदांग गावचा बाजार. पाच दिवस वाट पाहिलीय मी या गेतुकची. शेजारीण उजाडताच जाऊन घेऊन आली."

तुगिमान सरांनी केळीच्या पानावरची कसाव्याची गोड वडी उचलली, एक घास घेतला आणि उरलेली ठेवून दिली. "बु, माझ्या वेनिंगवर चोरीचा आळ आलाय."

आता बाईंनीही हात धुतले. जावातल्या योग्यकर्त्यात, जिथे बाईंना आदराने 'बु' आणि पुरुषांना 'पाक' म्हणतात, खासगी गुप्तहेर म्हणून त्यांचा दबदबा होता. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले तुगिमान सर हे त्यांचे हौशी मदतनीस. प्रत्येक प्रकरणात चुकीचा माणूस सर्वांत आधी त्यांनाच सापडायचा.

हकिकत सरळ होती. विद्यापीठातल्या अर्थशास्त्र विभागाच्या संस्थापकांचं सुवर्णपदक दालनातल्या काचेच्या कपाटात असतं. काल सकाळी ते नाहीसं झालं आणि दुपारी, सगळ्यांच्या देखत, वेनिंगच्या खणात सापडलं. वेनिंग विभागातली सर्वांत तरुण प्राध्यापिका, सरांची लाडकी विद्यार्थिनी. आज संध्याकाळी तिच्या निलंबनावर सही होणार होती. एकदा चोर ठरली की कुठलंच विद्यापीठ तिला दारात उभं करणार नव्हतं.

विभागप्रमुख पाक हार्सोयो कपाळाला आठ्या घालूनच भेटले. "उद्या आमचा सुवर्णमहोत्सव, बु! मी काल दुपारपर्यंत वर्गात होतो, साठ मुलांसमोर. आलो तर हा तमाशा. पोरीला सगळ्यांसमोर चोर म्हणालो मी. दुसरं काय म्हणणार?"

"काहीच न म्हणताही राहता येतं की," बाई म्हणाल्या.

कार्यालयातल्या बु मिनार्तींच्या तोंडाचा पट्टा आधीपासूनच सुरू होता. "किल्ली? ती माझ्या खोलीतल्या खिळ्याला. घ्या कुणीही! मी सकाळी पदक पुसून ठेवलं, नाश्त्याला गेले, तेवढ्यातच कुणीतरी डाव साधला. कालचा दिवसच फुटका. माझी स्कूटरसुद्धा सकाळभर वरच्या एसीच्या पाण्याने भिजली. भर उन्हात ओल्या सीटवर बसून घरी गेले मी!"

"स्कूटर कुठे लावता?"

"मागच्या बाजूला, डॉक्टर एर्लांगांच्या खिडकीखाली. तेवढीच एक सावली."

बाहेर येताच तुगिमान सर कुजबुजले, "हीच! किल्ली हिची, बडबड हिची."

"बडबडणाऱ्यांना पकडायचं तर तुम्हाला आधी मलाच पकडावं लागेल," बाई म्हणाल्या.

डॉक्टर एर्लांगा जाकार्ताहून आलेले, विभागाचे हिरे. परदेशातला मोठा पुरस्कार मिळालेला, उद्याचं मुख्य व्याख्यानही त्यांचंच. खोलीत एसी गारठा ओकत होता.

"वाईट वाटतं हो पोरीचं," ते म्हणाले. "मी काल इथे नव्हतोच. सकाळपासून सेंदांगच्या बाजारात. तीन वर्षं दर सोमवारी तिथले भाव मी स्वतः टिपलेत, त्यावरच्या निबंधालाच तर पुरस्कार मिळाला. काल मंगळवार असूनही गेलो, म्हटलं व्याख्यानाआधी ताजे भाव घ्यावेत. काय ती गर्दी! पाय ठेवायला जागा नाही. मिरचीवाल्या तर मला घरचाच मानतात."

वेनिंग मागच्या पायरीवर बसली होती. डोळे सुजलेले, पण मान ताठ. "मी पदकाला हात लावला नाही, बु."

"एर्लांगांशी तुझं काही बिनसलंय?"

"नाही. गेल्या आठवड्यात चहाला त्यांना एवढंच म्हणाले, की माझं आजोळ सेंदांगचं, तुमच्या व्याख्यानानंतर तिथल्या बाजाराबद्दल एक प्रश्न विचारेन. त्यांनी चहा तसाच टाकला आणि गेले."

बाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि सगळ्यांना दालनात बोलावलं.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "काल सेंदांगला गर्दी होती म्हणालात?"

"तुडुंब."

"काल तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं. आपल्या जुन्या जावानीज पंचांगाचे वार पाच. सेंदांगचा बाजार त्यांतल्या एकाच वारी, पाहिंगला भरतो. पाहिंग आज आहे. तुगिमान सर, सकाळी गेतुक खाल्लात ना? मग काल बाजार कसा असेल?"

तुगिमान सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"तारीख चुकली असेल माझी," एर्लांगा म्हणाले.

"एक तारीख चुकते. तीन वर्षांचे सोमवार चुकत नाहीत. पाच दिवसांनी भरणारा बाजार दर सोमवारी कसा सापडेल? तुम्ही सेंदांगला गेलाच नाहीत, कधीच. भाव या गार खोलीत बसून रचलेत. पुरस्कार देणारे सातासमुद्रापार, त्यांना पाहिंग काय ठाऊक! आणि इथल्या विद्वानांनी निबंध न वाचताच टाळ्या वाजवल्या."

पाक हार्सोयोंनी मान खाली घातली.

"वेनिंग काय विचारणार हे तुम्ही ओळखलंत. ती उद्या बोलायच्या आत तिचं तोंड काळं करायला हवं होतं. चोराचा प्रश्न कोण ऐकतं? बु मिनार्ती नाश्त्याला गेल्या आणि तुम्ही किल्ली घेतलीत. तुम्ही बाजारात होतात, तर काल सकाळी तुमच्या खिडकीखालची स्कूटर कोणाच्या एसीने भिजवली?"

"याला पुरावा म्हणतात?"

"नाही. पुरावा सेंदांगला बसलाय. बाजार दुपारपर्यंत असतो, गाडी बाहेर उभी आहे. एकाही मिरचीवालीने तुम्हाला ओळखलं, तर मी सगळ्यांसमोर तुमचे पाय धरीन. चला."

एर्लांगा उठले नाहीत. मग म्हणाले, "पदक परत सापडेल असंच ठेवलं होतं मी. विकणार थोडाच होतो."

तुगिमान सरांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली.

पाक हार्सोयोंनी निलंबनाचा कागद फाडला. "झालं गेलं विसरून जा, पोरी. हे घरातच मिटवू. उद्या एवढे पाहुणे येणार..."

"नाही सर." वेनिंग पुढे आली. "तुम्ही मला सगळ्यांसमोर चोर म्हणालात. माफीही सगळ्यांसमोरच हवी. आणि उद्या मला प्रश्न विचारायचा नाही. मला व्याख्यान द्यायचंय."

जावामध्ये लहानांनी वाकून मोठ्यांचा हात कपाळाला लावायचा असतो. उलट कधी कुणी पाहिलं नव्हतं. पाक हार्सोयो खुर्चीतून उठले, तिच्यासमोर आले आणि पांढरं डोकं वाकवून त्यांनी तिचा हात आपल्या कपाळाला लावला.