ताटावर ठेवलेला हात

देवाच्या तसबिरीत पायाशी बसलेल्या कुत्र्यांकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का?

हात तुम्ही जोडता, फूल वाहता, नजर तीन मुखांवरून पादुकांपर्यंत उतरते आणि तिथेच थांबते. खाली चार मुकी तोंडे वर पाहत बसलेली असतात, ती आपल्या हिशेबात नसतात. जाणते म्हणतात, ते चार वेद आहेत. असतील. चारुदत्त आगटे ह्या गृहस्थाच्या घरी जे घडले ते कळल्यापासून मी आधी त्यांच्याकडे पाहतो आणि देवाकडे मागाहून. दिवा जरा जवळ ओढा. सांगतो.

चारुदत्त केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या घेत घेत चंदीगडला आला होता. बावीस सेक्टरात बाजाराच्या मागे तळमजल्यावरचे सरकारी घर, पुढे जाळी लावलेला व्हरांडा. घरात पत्नी शशिकला, कॉलेजात जाणारी मुलगी जाई, आणि गबरू. गबरू हा कुत्रा. अंबाल्याला बदली असताना एका ढाब्यामागून जाईने तो उचलून आणला होता आणि तिथल्या रीतीचे नाव ठेवले होते. गबरू म्हणजे उमदा जवान. त्या जवानाच्या भुवया आता पांढऱ्या झाल्या होत्या.

मार्गशीर्ष लागला, धुके उतरू लागले आणि गबरूने अन्न टाकले. तो आपल्या स्टीलच्या वाडग्यापर्यंत येई, हुंगे, ओळख विसरलेल्या माणसासारखा क्षणभर थांबे, मग मान डावीकडे वळवून पुढच्या पायांवर हनुवटी टेकवी. शेजारच्या पंचकुल्याच्या डॉक्टर अपेक्षा सूद यांनी रक्त तपासून सांगितले की मूत्रपिंडे गेली आहेत. सलाईन कातडीखाली कसे द्यायचे ते त्यांनी शशिकलेला शिकवले आणि म्हणाल्या, "दवा से ज़्यादा आपका हाथ काम आएगा, आंटीजी. गुनगुना करके, उँगली पे लगाके दीजिए. ज़बरदस्ती नहीं. और जब जाने लगे, तो अकेला मत छोड़िएगा."

ते शेवटचे वाक्य शशिकलेने मंत्रासारखे धरले. जन्मात अंडे न शिवलेली ती बाई ढाब्यावरून बिनमिठाचे, बिनमसाल्याचे कोंबडीचे पाणी आणू लागली. व्हरांड्यात वेगळी शेगडी मांडून ते कोमट करी आणि गबरूच्या ओठांना बोट लावी. कधी तो एकदा चाटे, कधी चाटत नसे. दहीभात त्याच्या विशेष आवडीचा. पण तोही आता तो नुसता हुंगे. "नको खाऊस बाळा," ती म्हणे. "जाशील तेव्हा मी इथे आहे, एवढं ध्यानात ठेव."

दत्तजयंती जवळ आली आणि चारुदत्त सप्ताहाच्या पारायणाला बसला. त्याचे सोवळे कडक होते. वाचन संपेपर्यंत आसनावरून उठायचे नाही, मागे वळून पाहायचे नाही, हविष्यान्नाखेरीज काही खायचे नाही. नियम सगळे शरीराचे होते. मनासाठी त्याने एकही ठेवला नव्हता.

"घरात कोंबडीचा वास येतोय," पहिल्याच दिवशी तो म्हणाला.

"अहो, व्हरांड्यात आहे तो. दार लावलंय मी."

"वास दार बघून येतो का? मी ओवी म्हणतोय आणि नाकात ते पाणी. वर त्याची ती ओकारी."

"आजारी आहे तो."

"मग दवाखान्यात ठेव. सप्ताहात घरात विटाळ नको."

"तुमच्या देवाच्या पायाशी चार बसलेत. त्यांना कोण बाहेर काढतं ते बघते."

"ती चित्रातली आहेत, शशी," चारुदत्त म्हणाला. "ती ओकत नाहीत."

हे वाक्य त्याने तसबिरीसमोर, कपाळाला गंध असताना उच्चारले.

दुसऱ्या दिवशी सलाईनच्या बाटल्या संपल्या. जाई कॉलेजात होती. शशिकलेने स्वयंपाक उरकला, गबरूच्या अंगावर रजई नीट केली आणि ती रिक्षाने पंचकुल्याला निघाली. धुके असे दाट की भर दिवसा गाड्यांचे दिवे पिवळ्या डागांसारखे जवळ येत आणि विरत. दवाखान्याच्या बाकावर थांबली असताना तिला बाहेरच्या हमरस्त्यावरून एक भुंकणे ऐकू आले. एकदाच, थकलेले, जणू कुणी हाक मारून पाहावी. ती उठून दारापर्यंत गेली. धुक्यात एक गाडी डोंगराकडे, कालक्याच्या दिशेने निघून जात होती. तिला स्वतःचेच हसू आले. 'आता मला सगळीकडे तोच ऐकू येतो,' तिने मनाशी म्हटले.

घरी आली तेव्हा व्हरांडा रिकामा होता. रजई घडी करून ठेवलेली होती. परसातली कपडे वाळत घालायची निळी दोरीही खुंट्यांवर नव्हती, पण त्या क्षणी दोरीचा विचार कोण करतो? चारुदत्त पानावर बसला होता. त्याच्या कपाळाचे गंध ओले होते, म्हणजे त्याने पुन्हा स्नान केले होते.

"गेला तो," चारुदत्त म्हणाला. "तू गेलीस आणि त्याने मान टाकली. घरात प्रेत कसं ठेवायचं? चंडीमंदिर छावणीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी गाडीने नेऊन पुरला."

शशिकलेच्या हातातल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या.

"मी येईपर्यंत थांबला नाहीत?"

"सप्ताह आहे घरात."

"तोंडात पाणी घातलंत त्याच्या?"

"गंगाजल घातलं."

"तुमच्या डोळ्यांदेखत गेला? खरं सांगा."

चारुदत्ताने उजवा हात वाढलेल्या ताटावर ठेवला. "ह्या अन्नाची शपथ. माझ्या डोळ्यांदेखत गेला."

आपल्याकडे ह्याहून मोठी शपथ नाही. न्यायालयात माणूस खोटे बोलून सुटतो, देवळातही सुटतो. कारण तिथे ऐकणारा दूर असतो. अन्न दूर नसते, ते आत जाते. शशिकलेने डोळे पुसले आणि विश्वास ठेवला. चारुदत्ताने घास उचलला, तोंडापाशी नेला आणि थांबला. मग त्याने तो पुन्हा ताटात ठेवला.

"भाताला ओल्या केसांचा वास येतोय," तो म्हणाला.

त्या सायंकाळी शशिकलेने गबरूचा वाडगा घासला, त्यात दहीभात कालवला आणि गेलेल्याला ठेवतात तसा तो व्हरांड्यात ठेवला. "घे बाळा," एवढेच ती म्हणाली. सकाळी वाडगा चाटूनपुसून लख्ख होता. काठ अजून ओला होता.

"बिल्ली होगी, माँ," जाई म्हणाली.

जाळीच्या दाराची कडी आतून लावलेली होती.

दुसऱ्या सकाळी तसेच झाले. तिसऱ्याही. आणि गबरूचा वाडगा जसजसा रिता होत गेला तसतसे चारुदत्ताचे ताट भरलेले राहू लागले. भूक नव्हती असे नाही. ताट तो वेळेवर मागून घेई. पण घास ओठांशी आला की नाकपुड्या आकसत. दूध, फळ, तीर्थाची पळीसुद्धा.

एका दुपारी धुके खिडकीच्या काचांना टेकले होते. चारुदत्त आसनावर वाचत होता आणि शशिकला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गहू निवडत होती. व्हरांड्याकडून नखांचा आवाज आला. टक… टक… टक. म्हातारा पाय फरशीवर ओढत यावा तसा, मध्ये थांबत, दम घेत. तो तिच्यासमोरून गेला. तिने पाहिले, फरशीवर काही नव्हते. आवाज चारुदत्ताच्या पाठीमागे पोहोचला, कुणीतरी जड अंगाने बसले आणि एक दीर्घ उसासा टाकला. ओल्या केसांचा वास तिथवर आला.

ती घाबरली नाही. वास ओळखीचा होता.

चारुदत्ताचा स्वर लटपटला, मग एकाच शब्दावर अडून बसला. मागे वळून पाहायचे नाही, हा त्याचाच नियम. घामाचा थेंब पोथीवर पडला तरी त्याने मान वळवली नाही. पण मघापासून त्याने एकदाही विचारले नव्हते की मागे कोण आहे. शशिकलेच्या मनात पहिला संशय तेव्हा आला.

त्या रात्री तिघे जेवायला बसले. चारुदत्ताने ताट पुढे ओढले, वाकून हुंगले, क्षणभर थांबला, मग मान डावीकडे वळवली आणि मनगटांवर हनुवटी टेकवली. जाईने चमचा खाली ठेवला.

"माँ… पापा बिल्कुल वैसे ही…"

"खा तू," शशिकला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तो कुठे आहे?"

"सांगितलं ना… पुरला…"

"मग पुन्हा ठेवा हात ताटावर."

चारुदत्ताने हात उचलला. तो ताटाच्या वर येऊन थांबला. खाली येईना. ती तशीच पाहत राहिली, तो मात्र तिच्या नजरेला नजर देईना. शेवटी त्याने हात मांडीखाली दडवला.

"कुठे आहे तो?" तिने पुन्हा विचारले.

"सप्ताह होऊ दे… मग दाखवतो…"

त्यानंतर त्याने खोलीच्या दाराला आतून कडी घातली आणि कुणी शोधायला निघू नये म्हणून मोटारीची किल्ली सोवळ्याच्या कनवटीला लावली. शशिकलेने सारी रात्र व्हरांड्यात काढली. ती रडत नव्हती. रडण्याची वेळ संतापाने खाल्ली होती.

दत्तजयंतीला पारायणाची समाप्ती झाली. चंदीगड-पंचकुल्याकडची आपली मराठी मंडळी प्रसादाला जमली. उशिरा आला तो सुभेदार विजयकुमार. हा चंडीमंदिरच्या छावणीत राहणारा साताऱ्याचा गडी, दर गुरुवारी आरतीला येई आणि निघताना गबरूच्या पुढ्यात पेढ्याचा तुकडा टाकी. आज त्याने पादुकांना हात जोडले नाहीत. तो सरळ शशिकलेपाशी गेला आणि कागदी पिशवीतून एक निळी दोरी काढली.

"वहिनी, ही तुमची का?"

तिने दोरी पाहिली. खुंटीच्या गाठीचा वाक अजून तिच्यात होता.

"काल सांजच्याला आमच्या पलटणीच्या पोरांना डोंगराच्या पायथ्याला सापडला. खैराच्या झाडाला बांधलेला. जिता होता अजून. परत घरी येऊ नये म्हणून बांधला असंल कुणी." हे म्हणताना तो चारुदत्ताकडे पाहत होता. "पोरांनी रोटी दिली, दूध दिलं, शिवला नाही. रस्त्याकडं तोंड करून बसला होता. मी पोचलो तर मला वळखलं त्यानं. शेपूट हलवलं. मग गेला… माझ्या मांडीवर."

चारुदत्ताने उपरणे गळ्याभोवती ओढून घेतले.

"एकच कळंना बघा, वहिनी," विजयकुमार हळू आवाजात म्हणाला. "त्याच्या मिशांना दहीभात लागलेला होता. ताजा. त्या रानात दहीभात कोण घालणार?"

शशिकलेने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिने दोरी हातात घेतली, आत गेली आणि नैवेद्याचे ताट घेऊन आली. पुरण, वरण, भात, वर तूप. ते तिने नवऱ्यासमोर ठेवले.

"जेवा," ती म्हणाली. "सात दिवस पुण्य केलंत. जेवा आता."

"शशी… तो मरणारच होता…"

"मरणारच होता. म्हणूनच मी हवी होते."

"एक घास… तुझ्या हातानं भरव… तुझ्या हाताचा जाईल खाली…"

"माझा हात विटाळलाय," शशिकला म्हणाली. "कोंबडीचं पाणी लागलंय त्याला."

चारुदत्त ताटावर वाकला. त्याचे उपरणे खांद्यावरून घसरले आणि जमलेल्या मंडळींनी ते पाहिले. गळ्याभोवती एक वळ होता, दोरीच्या पिळासकट उमटलेला, बोटाएवढा रुंद. त्याने हुंगले, मान डावीकडे वळवली आणि हनुवटी पाटावर टेकली. कुणीतरी प्रसादाचा द्रोण तसाच ठेवून उठले. मग एकेक जण उठला.

पुढचे थोडक्यात सांगतो. मोठ्या इस्पितळात त्याच्या घशात, पोटात नळ्या घालून पाहिल्या. डॉक्टरांना दोष सापडला नाही. ते शिरेतून सलाईन देत राहिले, त्यावरच तो तगला. नळीने घातलेले अन्न नळीनेच परत आले. शशिकलेने त्याला टाकले नाही, कारण टाकणे तिला ठाऊक नव्हते. दोन्ही वेळा तिने ताट वाढले, समोर ठेवले आणि ती दूर जाऊन बसली. भरवायला हात पुढे केला नाही. जाईने त्याला पापा म्हणणे सोडले. व्हरांड्यात ठेवलेला दहीभात त्या दत्तजयंतीपासून सकाळी तसाच्या तसा राहू लागला, त्याला मुंगीसुद्धा लागली नाही.

माघ सरता सरता धुके उठले. त्या सकाळी चारुदत्त व्हरांड्यात, गबरूच्या जागी, भिंतीकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून आडवा झालेला सापडला. वाडगा रिकामा आणि ओला होता. चारुदत्ताच्या ओठांना मात्र एक शीत लागलेले नव्हते. हाताच्या अंतरावर रात्रीचे ताट होते, त्यातला एक घास उचलून पुन्हा ठेवलेला होता. अन्नाची खोटी शपथ घेणारा तो माणूस भरल्या ताटासमोर उपाशी मेला, आणि मरताना त्याच्यापाशी कुणी नव्हते.