डॉक्टर हाइमलिकची मिठी

मला बघायला पाथर्डीहून जीप भरून माणसं आली होती. मुलगा करण, त्याचे आईवडील आणि मामा. जामखेडच्या दवाखान्यात सिस्टर आहे मी, दिवसाला पन्नास इंजेक्शनं देते. पण त्या दिवशी मान खाली घालून लाडवांच्या बशा फिरवत होते... स्थळ चांगलं होतं ना! आईनं तर मनात अक्षताही टाकल्या होत्या.

शेवटची बशी दारात बसलेल्या जीपवाल्याची. मच्छिंद्रची. त्यानं वर पाहिलं, हसला, अख्खा लाडू तोंडात टाकला — आणि ठसका!

"वर बघ, वर बघ!" मामा हसले. "कुनीतरी आठवन काढली गड्याची!"

त्याला खोकता येईना, बोलता येईना. ओठ निळे पडायला लागले, आणि ही मंडळी आठवण कुणी काढली ते ठरवत होती!

मी ट्रे टाकला. मागून त्याच्या पोटाभोवती हात घातले, मूठ बेंबीच्या वर रोवली आणि हिसका दिला. एक... दोन... तिसऱ्याला खोबऱ्याचा तुकडा मामांच्या शर्टावर.

तो धापा टाकत होता. बाकी सगळ्यांचे श्वास अडकले होते.

"हे काय हुतं?" मामांनी विचारलं.

"हाइमलिक. ज्या डॉक्टरांनी ही रीत काढली, त्यांचं नाव."

"परक्या मानसाला मिठी मारती पोरगी! उठा."

मी करणकडे पाहिलं. तो चपला शोधत होता. मला धक्काच बसला. माणूस वाचला, त्याचा कुणालाच आनंद नाही?

"आदी पोरीची माफी मागा," मच्छिंद्र घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मंगच जीप चालू व्हईल."

मंडळी पायीच एसटी स्टँडकडे निघाली. आई आत रडत बसली. अंगणात तो, मी आणि रिकामी जीप.

"त्या डाक्टरचं नाव काय म्हनला?"

"हाइमलिक."

"लई उपकार त्यांचे. पन... मिठी तुमची हुती."

"मिठी नव्हती ती! उपचार होता."

"व्हय. रविवारी आईला घिऊन येऊ का? बघायला?"

"...लाडू मिळणार नाही."

"नसू द्या. फकस्त मान खाली घालून येऊ नका. मगा समदं टाकून धावला, तशाच या."

ज्यानं माझ्यासाठी जीप अडवून धरली, तो मला आवडला होता, एवढंच. ते सांगायला गेले आणि मलाच ठसका लागला.

"वर बघा," तो घाबरून म्हणाला.

मी बघितलं. थेट त्याच्या डोळ्यांत.