नेलिदाची शिदोरी

उबाल्दिनाबाई शहरातून बदलून आल्याला तीनच महिने झाले होते. शाळेतली अकरा मुलं घेऊन त्या डोंगरावरच्या पडक्या नगरीकडं निघाल्या, तेव्हा लख्ख ऊन होतं. मुलं जन्मल्यापासून ते दगड खालून बघत आलेली, पण वर एकही चढलेलं नव्हतं. घरचे पाठवतच नसत.

वेशीपाशी म्हातारा राखणदार फाउस्तिनो बसला होता. त्यानं वाहायला कोकाच्या झुडपाची तीन पानं पुढं केली.

"आधी डोंगराला द्या, बाई. मग आत जा."

"असल्या खुळचटपणापायीच मागं राहिलात तुम्ही, बाबा," म्हणत बाई पुढं झाल्या.

आतल्या दालनात दगडाला दगड असा बसवलेला, की सुरीचं पातं शिरू नये. समोरच्या भिंतीत लहान मुलाच्या उंचीचा एक कोनाडा होता.

"इंका राजांच्या काळी डोंगर कोपला की त्याला एक मूल द्यायचे," बाई सांगू लागल्या.

"कोणतं द्यायचं, ते कोण ठरवायचं?" विदालनं विचारलं.

बाईंना गंमत सुचली. "तुम्हीच सांगा. आपल्यातलं कोण द्यायचं?"

दहा बोटं एकदम नेलिदाकडं वळली. बोलताना अडखळणारी, आजीनं वाढवलेली पोरकी पोर.

"हिलाच द्या, बाई! हिला नाहीतरी कोण विचारतंय!"

हशा पिकला. बाई गप्प करतील म्हणून नेलिदानं त्यांच्याकडं पाहिलं. पण बाईंनाही हसू आवरेना.

"जा गं, उभी राहा कोनाड्यात. मापात बसतेस का बघू."

ती बरोब्बर मापात बसली.

तेवढ्यात दरीतून धुकं चढलं. पुढचं माणूस दिसेना. थंड, ओल्या मातीचा वास सुटला आणि दगडावर दगड घासल्याचा आवाज आला. सावकाश...

"बा... बाई... मला नि... निघता येत नाहीये..."

"पुरे झाली चेष्टा, नेलिदा!"

धुकं विरलं तेव्हा कोनाडाच नव्हता. सलग भिंत, आणि तिच्यावर जाड, जुनं शेवाळ.

'ती वाट चुकली,' असं बाईंनी मुलांकडून घोकून घेतलं. पोलिसांनी दरी पालथी घातली. त्या भिंतीत कोनाडा आपण कधी पाहिलाच नाही, असं फाउस्तिनोनं शपथेवर सांगितलं.

नेलिदाची आजी तेओदोसिया रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज शाळेत येऊ लागली. हातात फडक्यात बांधलेला उकडलेला मका आणि चीजचा तुकडा.

"वर ठेवून या, बाई. पोर तुम्ही नेलीत. भुकेली असेल."

बाईंना नाही म्हणवेना. चार दिवस त्या गेल्या, भिंतीशी फडकं ठेवून धापा टाकत खाली पळाल्या. मग धीर सुटला. वळणापलीकडच्या कुत्र्यांना त्या मका घालू लागल्या. तिथं बघायला चिटपाखरूही नसे.

आठव्या दिवशी आजी आली ती रिकाम्या हातानं.

"आज शिदोरी नाही, आजी?" बाईंनी सुटकेच्या सुरात विचारलं.

"आणू नको म्हणाली पोर," आजी शांतपणे म्हणाली. "तीन दिवस उपाशी ठेवलंत म्हणे तिला. आता... आता मक्यानं भागायचं नाही म्हणते, बाई."